त्रेपन्न अंश

“मोठ्यानं वाच, सरोज. मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे,” कोठावळे साहेब म्हणाले.

मी वही उघडली आणि वाचू लागले. सोमवार, पहिली खेप, एकशे आठ अंश. दुसरी खेप, एकशे बारा. मंगळवार, एकशे पाच. समोर भट्टीखात्यातले चौदा कामगार हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांच्या पुढे, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेले तवनाप्पा मगदूम. अख्खा कारखाना त्यांना आप्पा म्हणायचा. भट्टीचे मिस्त्री ते.

“पाहिजे होतं किती?” साहेबांनी विचारलं.

“साडेतीनशे, सर.”

“आणि निघालं एकशे दहा! ऐकलंत मिस्त्री? तीस वर्षं तुम्ही आम्हाला अर्धाकच्चा माल काढून देताय. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे!”

आप्पा शांतपणे म्हणाले, “आकडा बरूबर असंल सायेब. मशीन काय माज्यासारखं अडानी न्हाई. पर चकती मऊ झालीया. हातात घिऊन दाबून तरी बगा.”

“दाबून बघायला मी काय आंबे घ्यायला आलोय?”

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आज सत्तावीस वर्षांनी वाटते आहे, आणि ती वाटायलाच हवी.

आमचा कारखाना मिरजेजवळ होता. ॲल्युमिनियमची पातेली, तसराळी, डबे. पत्र्याच्या गोल चकत्या कापायच्या, भट्टीत तापवून मऊ करायच्या आणि थंड झाल्यावर प्रेसखाली दाबून त्यांची भांडी काढायची. सगळी मेख त्या तापवण्यात. कमी तापली तर चकती प्रेसखाली फाटणार, जास्त तापली तर पातेल्याची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होणार. भट्टीवरचा काटा केव्हाच मेलेला. आप्पा काय करत, तर भट्टीत जाणाऱ्या चकतीवर कपड्याच्या साबणाची एक रेघ ओढत. रेघ आधी पिवळट व्हायची, मग चहाच्या रंगाची, आणि काळी पडली रे पडली की आप्पा ओरडत, “काढा भायेर!” एवढं एक वाक्य ते तीस वर्षं ओरडत आले होते आणि आमची पातेली जिल्हाभर नांदत होती.

मी बी.एस्सी. होऊन तिथे तपासणीला लागले तेव्हा त्या शेडमध्ये बाईमाणूस नव्हतं. टिंगल करणारे पुष्कळ. आप्पांनी स्वतःचं स्टूल मला दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही शिकल्याली पोरगी हाय. हिच्याशी नीट बोलायचं, न्हाईतर भट्टीची राख उपसायला लावीन.” त्या दिवसापासून मला कुणी काही बोललं नाही.

मग पुण्याहून कोठावळे आले, वर्क्स मॅनेजर म्हणून. माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा. काचेच्या केबिनमधून खाली उतरायचा तो फक्त कुणाला तरी फैलावर घ्यायला. त्यांनी येताना पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं. लांबूनच रोखायचं, घोडा दाबायचा, की पडद्यावर तापमान हजर. आमच्याकडे तसलं कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळे त्याला गनच म्हणायचे. ती गन साहेबांनी माझ्या हाती दिली, कारण मी पदवीधर. मी फुगले, हे कबूल करते.

वहीचं जाहीर वाचन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी केबिनमधून फोन आला. साहेब म्हणाले, “आजपासून साबण बंद. गनवर साडेतीनशे दिसेपर्यंत एकही चकती बाहेर काढायची नाही. मिस्त्रीला सांग.”

मी सांगितलं. आप्पांनी खिशातली साबणाची वडी काढून फळीवर ठेवून दिली. पण सवय कुठे जाते? पहिल्या चकतीवर त्यांनी आधीच रेघ ओढलेली होती. ती काळी पडली. मग जळून उडून गेली. मी गन रोखली. एकशे वीस.

“सरू, काढू का?” आप्पांनी विचारलं.

“नको आप्पा. अजून खूप कमी आहे.”

त्यांनी बर्नर वाढवला. एकशे चाळीस. एकशे साठ. भट्टीच्या तोंडाशी उभं राहवेना.

“पोरी, माझं ऐक. माल मऊ पडून खाली बसतोय बग.”

“आप्पा, एकशे नव्वदच आहे! आत्ता कुठे निम्म्यावर आलंय!”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खांदे पाडले आणि बर्नरला हात घातला. पाच मिनिटांत भट्टीतल्या दोनशे चकत्या वितळून एकमेकींना चिकटल्या. बाहेर निघाला तो एक वाकडातिकडा लगदा.

मालक धावत आले. कोठावळे त्यांच्या मागोमाग. मला विचारलं, गन किती दाखवत होती? मी खरं ते सांगितलं, एकशे नव्वद. साहेबांनी एक क्षणही घेतला नाही. म्हणाले, “म्हणजे पुढच्या बाजूला एकशे नव्वद आणि मागे जाळ! यानं बर्नर मुद्दाम तिरका लावला. काल सगळ्यांसमोर कानउघाडणी केली ना, त्याचा राग काढला मालावर.” साडेतीनशेचा हुकूम कुणी दिला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तोंड उघडायचं ते मी वही छातीशी धरून उभी राहिले.

संध्याकाळच्या आत आप्पांना पत्र मिळालं. ‘हेतुपुरस्सर मालाची नासधूस केल्याबद्दल’ असे शब्द होते, खाली कोठावळ्यांची झोकदार सही. आप्पांना वाचायला वेळ लागायचा. फाटकाशी उभं राहून त्यांनी ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि सायकल काढून आपल्या गावाच्या, मालगावच्या रस्त्याला लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, किंवा मीच पाहू दिलं नाही. त्यांच्या घरी जायचं धैर्य मला झालं नाही.

यानंतर महिन्याभरानं कॅन्टीनमध्ये तो प्रकार घडला. दुपारची सुट्टी होती. चहाचं मोठं स्टीलचं पिंप टेबलावर होतं, त्यावर कुणीतरी ‘चहा’ असा कागद डकवलेला. गन माझ्या कमरेलाच असायची. उगीच चाळा म्हणून मी पिंपावर रोखली. एकतीस अंश. गार चहा पाजतात मेले, असं म्हणत मी पेला भरला आणि जीभ पोळली.

मी पुन्हा गन रोखली, या वेळी कागदावर. एक्क्याऐंशी.

वीतभर बाजूला, उघड्या स्टीलवर, एकतीस. कागदावर एक्क्याऐंशी. स्टील. कागद. एकच पिंप, एकच चहा. मी गनचा पडदा डोळ्यांजवळ आणला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर होतं, ग्रीक एप्सायलन, आणि त्यापुढे ०.९५. तीन महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि त्याचं नाव मला ठाऊक होतं! एमिसिव्हिटी. आमचे भौतिकशास्त्राचे सर त्याला मराठीत उत्सर्जकता म्हणायचे. व्याख्या मी परीक्षेत एका दमात लिहिली होती: एखादा पृष्ठभाग बाहेर टाकतो ते प्रारण आणि त्याच तापमानाची आदर्श काळी वस्तू टाकते ते प्रारण, यांचं गुणोत्तर. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. अर्थ मात्र त्या दिवशी, भाजलेल्या जिभेनं, मला पहिल्यांदा कळला.

गन उष्णता मोजतच नाही. वस्तूतून जे किरण बाहेर पडतात ते मोजते आणि त्यावरून आतल्या तापाचा अंदाज करते. काळी, खरबरीत वस्तू आपली धग जवळजवळ सगळी बाहेर टाकते. चकचकीत धातू तितकाच तापलेला असला तरी दहावा हिस्साही बाहेर टाकत नाही. कोपऱ्यातल्या त्या ०.९५ चा अर्थ एवढाच, की समोर जे आहे ते जवळपास काळंच आहे असं गन धरून चालली होती. आणि आम्ही ती चांदीसारख्या लखलखत्या ॲल्युमिनियमवर रोखत होतो! म्हणजे आप्पांची काळी पडलेली रेघ खरी होती, माझी वही खोटी होती, आणि त्या खोट्या वहीनं मी एका माणसाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती.

मी तशीच उठून मालकांकडे जायला हवं होतं. कुणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण मला नुसता न्याय नको होता. बंद खोलीत कोठावळे “अरे, असं झालं का!” म्हणणार, मालक “असू दे, चुकतो माणूस” म्हणणार, आणि मिटलं. आप्पांना चौदा माणसांसमोर उभं केलं होतं. मला कोठावळ्यांचं नाक कापायचं होतं, आणि तेही भर सभेत.

नऊ दिवसांनी मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार होते. ते नऊ दिवस मी “होय सर, आणते सर” करत सुतासारखी सरळ वागले. साहेब खूश होऊन म्हणाले सुद्धा, “सरोज, तू पुढे जाशील.” मनात म्हटलं, मी पुढे जाईनच, तुम्ही तेवढे मागे राहा.

तपासनीस आले, नाडकर्णी नावाचे, केस पांढरे झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. सकाळी अकराला सगळे शेडमध्ये जमले. मालक, भट्टीखातं, प्रेसवाले. कोठावळ्यांनी गनचं कौतुक सुरू केलं. मी पुढे होऊन म्हटलं, “सर, पाहुण्यांना प्रत्यक्षच दाखवूया का? मी तयारी केलीय.”

“वा!” साहेब म्हणाले.

मी ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचा एक तुकडा घेतला होता, परातीएवढा, पॉलिश केलेला. अर्धा भाग घासलेटच्या चिमणीवर धरून काजळीनं काळा केला होता, अर्धा आरशासारखा ठेवला होता. तो शेगडीवर तापवून मी विटांवर मांडला. बाजूला पाण्याचा मग. बेत असा, की साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर गनचा आकडा खरा म्हणून ठासून सांगितलं, की पत्र्यावर पाणी मारायचं. पाणी तडतडून उडालं की तोंड लपवायला त्यांना केबिनची काचसुद्धा पुरली नसती.

मी चकचकीत भागावर गन रोखली. “त्रेपन्न अंश.”

मग काळ्या भागावर रोखली. “एकशे ब्याण्णव.”

शेडमध्ये कुजबुज झाली. नाडकर्णी पुढे वाकले. मी पाण्याचा मग उचलला आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, “सर, पत्रा एकच आहे. मग यातला खरा आकडा कुठला?”

कोठावळ्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. सगळे बघत होते. ते म्हणाले, “तू काळं काहीतरी फासलंयस, त्यानं गडबड झालीय. स्वच्छ धातूवरचाच आकडा खरा.”

“म्हणजे त्रेपन्न?”

“त्रेपन्न.”

“भट्टीच्या वहीतले सगळे आकडे असेच स्वच्छ धातूवर घेतलेत सर. ते खरेच ना?”

“शंभर टक्के खरे! त्या मिस्त्रीला उगाच नाही हाकलला.” त्यांनी तळहात पत्र्यावर वीतभर उंच धरला. झळ फारशी लागली नसणार. चकचकीत धातू धग बाहेर सोडत नाही, हाच तर सगळा धडा होता. ते नाडकर्ण्यांकडे बघून हसले. “हातच्या काकणाला आरसा कशाला? त्रेपन्न अंशांना काय होतंय?”

आणि त्यांनी चकचकीत भागावर हात टेकला.

ती किंकाळी मी वर्णन करत नाही. कुणीतरी त्यांना मागे ओढलं, कुणी पाण्याच्या नळाकडे नेलं, मालकांनी गाडी काढायला सांगितली. त्या गोंधळात नाडकर्णी माझ्यापाशी आले आणि विचारलं, “कोणत्या मिस्त्रीला हाकललं?” मी सगळं सांगितलं. साडेतीनशेचा फोन, एकशे नव्वद, साबणाची रेघ, ते पत्र. मालक मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी खाली मान घातली.

कोठावळे पुन्हा कामावर आले नाहीत. उजवा तळहात आणि चार बोटं भाजली होती. बोटं पुढे आखडली, पेन धरता येईना, असं कानावर आलं.

आठवड्याच्या आत मालकांनी आरोप मागे घेतल्याचं पत्र दिलं आणि ते घेऊन मला मालगावला पाठवलं. आप्पा सोप्यात बसून शेंगा फोडत होते. दीड-दोन महिन्यांत खूप वाळले होते. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि आतल्या दाराशी उभ्या असलेल्या बायकोच्या, चंपाबाईंच्या हातात दिलं. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं आणि तिथेच रडत बसल्या.

“शेजारचा मानूसबी बोलत नव्हता गं,” आप्पा म्हणाले. “मालाची नासधूस केली म्हणं. मी! बरं ते जाऊ दे. कसं केलंस ते सांग.”

मी रंगवून सांगितलं. पिंप, कागद, काजळी, दोन आकडे. काजळीचं ऐकून ते मांडीवर थाप मारून हसले. “म्हंजी काळा पत्रा खरं बोलतो आन् गोरा दडवून ठेवतो! शाब्बास!” मग मी हाताचं सांगितलं, आणि सांगताना माझ्या आवाजात जी खुशी होती ती मला ऐकू आली.

आप्पांचं हसू थांबलं.

“लई भाजला?”

“हो.”

“आदी पानी न्हाई मारलंस?”

“मारणारच होते.”

“पानी कुटं हुतं मग?”

“माझ्या हातातल्या मगात.”

शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. ते माझ्याकडे बघू लागले, भट्टीसमोर बघितलं होतं तसे.

“झटक्यात झालं आप्पा,” मी म्हटलं. “मला वेळच मिळाला नाही.”

त्यांनी श्वास सोडला. “असंल. तापल्याल्या वस्तूचं तसंच असतंय. मनाला लावून घिऊ नगो.” आणि चंपाबाईंना म्हणाले, “च्या टाक की गं पोरीला.”

वेळ मिळाला होता. हात टेकण्याआधी कोठावळ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं. शर्टाची बाही दोनदा दुमडली होती. तळहात उलटासुलटा करून पाहुण्यांना दाखवला होता, जादूगार दाखवतो तसा. पाण्याचा मग काठोकाठ भरलेला होता, मी हातभर अंतरावर होते. नुसतं मनगट वळवायचं होतं, किंवा “सर!” एवढं म्हणायचं होतं. मी त्या घड्याळाकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, आणि मला फाटकाशी उभं राहून पत्र वाचणारे आप्पा दिसले. मी तो मग दोन्ही हातांनी छातीशी धरला. कुणाचा धक्का लागून पाणी पत्र्यावर सांडू नये म्हणून.

आप्पा कामावर परत आले, तीन वर्षं भट्टी सांभाळून सन्मानानं निवृत्त झाले. कोठावळ्यांची मला तेव्हा दया आली नाही, आजही येत नाही. आप्पांच्या शेवटच्या दुखण्यात मी मालगावला गेले होते. आवाज पार खोल गेला होता. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पाणी पाजायला आलेल्या सुनेला म्हणाले, “हिला वळखलीस का? ही सरू. हिनं माजं नाव राखलं. आन् सभाव असा, की हिच्या हातनं मुंगी मरायची न्हाई.”

सून माझ्याकडे बघून हसली. मी हात सोडवून घेतला नाही. “होय आप्पा,” म्हटलं.